झाड सफरचंदाचं नव्हतं

डेल्फिया पुस्तक मागून उघडायची. शेवटच्या पानांवरची नावांची यादी काढायची, बोटाने खाली खाली येत सायझमोर हे आडनाव शोधायचं, आणि मिळालं नाही की पुस्तक फटकन मिटायचं. संपली वाचनाची हौस. एकोणीसशे एकवीस साली खाणमजूर मालकांविरुद्ध बंदुका घेऊन डोंगर चढून गेले, त्या लढाईवर जेवढी म्हणून इतिहासाची पुस्तकं निघाली, तेवढी तिने अशी शेपटाकडून पालथी घातली होती. वर पुन्हा लोकांना तोऱ्यात सांगायची, "मी फक्त खरी पुस्तकं वाचते. खोट्यानाट्या गोष्टी ऐकायला मला पुस्तक कशाला हवं? माझा भाऊ आहे ना."

भाऊ म्हणजे वेंडेल, शेजारच्याच घरात राहणारा. त्याने एकदा एवढा मोठा मासा पकडला होता की दर वर्षी तो वीतभर वाढायचा.

यादीत ती शोधायची तो तिचा आजोबा, बापाचा बाप, अ‍ॅन्सल सायझमोर. ऑगस्टातल्या एका सकाळी गळ्याला लाल रुमाल बांधून इतर खाणमजुरांबरोबर गेला तो गेलाच. प्रेत आलं नाही, निरोपही आला नाही. आजीने उरलेला जन्म दाराकडे बघत काढला आणि जाताना सांगून गेली की माझ्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवा. दर मे महिन्यात सगळं खोरं आपापल्या टेकडीवर जाऊन कबरी झाडतं, फुलं वाहतं, तिथेच बसून जेवतं. सायझमोरांच्या टेकडीवर त्या मोकळ्या जागेतलं नुसतं गवत कापलं जायचं. आता डेल्फिया चौऱ्याहत्तरची होती. मागच्या हिवाळ्यात तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि शुद्धीवर आल्या आल्या पहिला विचार मनात आला तो हाच, की आपण गेलो तर त्याला शोधणारं कोणी उरत नाही. वेंडेल? त्याला स्वतःचा चष्मा सापडायची मारामार.

कुठे पडलाय एवढं कळू दे, बस्स. दुसरं काही मागणं नव्हतं बाईचं.

कोणी मारला, हे मात्र सायझमोरांच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक होतं असं ते म्हणायचे. खोऱ्याच्या वरच्या टोकाला टॅकेट राहायचे. त्यांचा बॉइड टॅकेट त्या वेळी कंपनीचा बंदूकवाला होता. खाणमालकांचा पगार खाऊन आपल्याच शेजाऱ्यांवर बंदूक धरणारा. पुरावा शून्य. पण तेव्हापासून त्या दोन घरांतून विस्तव जात नव्हता. चर्चमध्ये सायझमोर डावीकडे बसायचे, टॅकेट उजवीकडे. लग्नात, मयतात, शाळेच्या बाकावर, कुठेही एक सायझमोर आणि एक टॅकेट शेजारी येऊ द्यायचे नाहीत, हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

कळत नव्हतं ते एकट्या कोरीनला.

कोरीन ही ग्रंथालयातली नवी बाई. वय तिशीच्या आत, गाव ओहायोत कुठेतरी, उत्साह उतू जाणारा. कंपनीच्या जुन्या दुकानात ग्रंथालय होतं, तिथे जानेवारीत तिने नवीच टूम काढली. जोडपुस्तकं. एकाच घटनेवरची दोन पुस्तकं, एक इतिहास आणि एक कादंबरी, सुतळीने एकत्र बांधलेली. ती दोघांनी मिळून न्यायची, एकाने एक, दुसऱ्याने दुसरं. महिन्याने अदलाबदल, तीसुद्धा ग्रंथालयात ठेवून नाही, एकमेकांच्या हातात द्यायची. आणि एप्रिलमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलवर रानलसणाचं जेवण असतं, सगळ्यांच्याच तोंडाला सारखा वास असतो, त्या दिवशी जोडीने उभं राहून काय वाचलं ते सांगायचं. कोणाला गुलाम पळून जायचे त्या वाटा, कोणाला चिनी मजुरांनी घातलेले रेल्वेचे रूळ, कोणाला धुळीची वादळं. कोणाबरोबर कोण, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार.

"खाणीची लढाई," कॉफीच्या डब्यात हात घालत कोरीन म्हणाली. "मिस डेल्फिया! आणि त्यांच्याबरोबर..." तिने दुसरी चिठ्ठी उलगडली. "मिस्टर व्हर्जिल टॅकेट! अरे वा!"

तिचं 'अरे वा' एकटंच हवेत राहिलं.

"पोरी," डेल्फिया म्हणाली, "ती चिठ्ठी परत डब्यात टाक."

"का हो, मिस डेल्फिया?"

"टाक म्हटलं ना. दुसरी काढ."

"पण मग नियमाला काय अर्थ राहिला?"

"तुझा नियम गेला चुलीत!"

मागच्या खुर्चीवरून व्हर्जिल टॅकेट उठला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काठीसारखा ताठ, टोपी दोन्ही हातांत धरलेली. शाळेत डेल्फियाच्या पुढे होता, पण त्या शाळेपासून आजपर्यंत दोघांत चार शब्द झाले नव्हते. "मला चालेल," तो म्हणाला.

झालं. डेल्फियाच्या अंगाचा तिळपापड झाला. टॅकेटाला चालतं आणि सायझमोराला चालत नाही, असं खोऱ्यात म्हटलं जाणार? मेले तरी चालेल! "मलाही चालेल," ती म्हणाली, "पण खरं पुस्तक मी आधी नेणार. ती बोलाचीच कढी, बोलाचाच भात ह्याला दे." जाडजूड इतिहास उचलून ती तरातरा निघून गेली.

घरी वेंडेल ताकात मक्याचा पाव कुस्करून खात बसला होता. बातमी त्याच्याकडे तिच्या आधी पोचली होती. खोऱ्यात बातमीला रस्ता लागत नाही.

"आता टॅकेटाबरोबर पुस्तकं वाचणार म्हणे," तो म्हणाला. "मग लग्नाचा केक कधी कापायचा?"

"तोंडातला घास गिळ आधी."

"आजी असती तर काय म्हणाली असती?"

"आजी असती तर तुला म्हणाली असती, आपलं ताट आपल्या घरी धू." असं म्हणून तिने पुस्तक शेवटून उघडलं. आर झालं, एस आलं. स्मिथ होते, स्टोन होते, सुलिव्हन नावाचे तिघे होते. सायझमोर नव्हता. तिने ते शिवणयंत्रावर टाकलं आणि महिनाभर त्यावर कात्री ठेवायची सोय झाली.

*

अदलाबदल कुठे करायची, इथे घोडं अडलं. ती टॅकेटांच्या वाटेला जाणार नाही आणि टॅकेटाला ती आपल्या पायऱ्या चढू देणार नाही. शेवटी कोरीननेच फोनाफोनी करून बाप्टिस्ट चर्चच्या मोकळ्या पटांगणाचं ठरवलं. फेब्रुवारीतला गारठा, जमिनीवर कुरकुरीत बर्फ. दोघांनी आपापल्या गाड्या उलट सुलट तोंडाने शेजारी आणल्या, खिडकीला खिडकी येईल अशा. खोऱ्यात रस्त्यात भेटलं की लोक असेच थांबतात, गाडीतून न उतरता तासभर गप्पा छाटतात. इथे गप्पा कसल्या! त्याची पिकअप उंच, तिची मोटार बसकी, त्यामुळे तिला मान वर करावी लागली. तेही तिला खुपलं.

तिने इतिहास वर सरकवला. त्याने कादंबरी खाली दिली.

"वाचलंस?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? तू वाचलीस का?"

"दोनदा." मग समोर काचेकडे बघत म्हणाला, "मधला भाग नीट वाच, डेल्फिया. ते खेचर घेऊन येतो तो."

"मी काय वाचायचं ते आता टॅकेट शिकवणार वाटतं," ती म्हणाली आणि काच वर केली.

खरं तर तिला ती कादंबरी उघडायचीही नव्हती. पण 'मधला भाग नीट वाच' हे वाक्य दाढेत अडकलेल्या तंतूसारखं तिला दिवसभर टोचत राहिलं. कादंबरीला मागे नावांची यादी नसते, हे तिला तेव्हा कळलं. शोधायला बोट कुठे ठेवणार? म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तिने पुस्तक पुढून उघडलं. लेखिका पिट्सबर्गची कोणी होती, गोष्ट भलत्याच जिल्ह्यात घडत होती, नावं भलतीच. पण संपात कंपनीने घराबाहेर काढल्यावर तंबूत राहणाऱ्या बायका कशा कुरकुरतात, ओला कोळसा कसा धुमसतो, हे त्या बाईला ठाऊक होतं. दुपारी बसलेली डेल्फिया चुलीवरचे घेवडे करपल्याचा वास आला तेव्हा उठली.

आणि मग तो मधला भाग आला. कंपनीचा एक बंदूकवाला, कोवळा पोरगा, झुडपातून गोळी झाडतो. सगळे पांगल्यावर खाली उतरून बघतो तर मजूर मेलेला. कंपनीची माणसं अशी प्रेतं खाणीच्या राखेच्या ढिगात टाकून देत. हा पोरगा अंधार पडायच्या आत त्याला खेचरावर घालतो, आपल्या घरी नेतो, आणि परसातल्या सफरचंदाच्या झाडाखाली पुरतो.

डेल्फियाने पुस्तक भिंतीवर फेकलं. मग उचललं, कारण ते ग्रंथालयाचं होतं, आणि तशीच गाडी काढून कोरीनसमोर जाऊन उभी राहिली.

"खोटं आहे हे! साफ खोटं!"

"काय झालं, मिस डेल्फिया?"

"बंदूकवाला म्हणे मढं घरी नेतो! म्हणे झाडाखाली पुरतो! अगं, ते माणसाला माणूस समजत नव्हते. माझ्या आजीने चाळीस वर्षं वाट बघितली, तिला कोणी येऊन सांगितलं का, बाई, तुझा नवरा अमक्या झाडाखाली आहे? मेलीने मारेकऱ्याला साधू करून ठेवलाय. खोट्याच्या कपाळी गोटा!"

कोरीन घाबरली, पण जागची हलली नाही. "कादंबरी आहे ती. असं घडलंच असं ती म्हणतच नाहीये. असं कुठे घडू शकत होतं का, हे त्या दुसऱ्या पुस्तकात बघायचं. त्यात सगळं आहे, कुठल्या दिवशी कुठल्या खिंडीत कोण होतं. आपल्या खोऱ्यावर तर अख्खं प्रकरण आहे."

डेल्फियाचं तोंड उघडंच राहिलं. "आपल्या खोऱ्यावर?"

"हो. सातवं का आठवं. तुम्ही तर आधी तेच वाचलंत ना?"

आता काय सांगणार! खरी पुस्तकं वाचणारी बाई. एक महिना तिने त्या पुस्तकावर कात्री ठेवली होती. नाव नाही म्हणजे काहीच नाही, असं धरून चाललेली. गेली कित्येक वर्षं किती पुस्तकं अशी तिच्या हातातून न वाचता परत गेली असतील, ह्याचा विचार मनात आला आणि तिला तिथेच ग्रंथालयाच्या मध्यभागी स्वतःची लाज वाटली. ती बाहेर आली आणि गाडीत बसून राहिली. मग फोन काढला. टॅकेटांचा नंबर तिला पाठ नव्हता, चौकशीला विचारून लावावा लागला.

"व्हर्जिल, डेल्फिया बोलतेय. ते जाड पुस्तक घेऊन ये. आत्ता."

"येतो," तो म्हणाला. जणू फोनशेजारीच बसला होता.

*

चर्चच्या पटांगणात पुन्हा खिडकीला खिडकी लागली. बर्फ वितळून चिखल झाला होता. व्हर्जिलने पुस्तक खाली दिलं नाही. चष्मा लावून, बोट ठेवून, स्वतःच वाचायला लागला. लढाईच्या तिसऱ्या दिवशी चार नंबरच्या खाणीचे मजूर ओढ्याच्या काठाने वर चढले. खिंडीवर कंपनीचे दोन बंदूकवाले होते. दुपारी गोळीबार झाला. मजूर माघारी आले तेव्हा त्यांच्यात एक जण कमी होता असं नंतर दोघांनी साक्षीत सांगितलं, पण त्याचं नाव लिहून घेतलं गेलं नाही. बंदूकवाल्यांचीही नावं मिळत नाहीत.

"चार नंबर," डेल्फिया हळूच म्हणाली. "आजोबा चार नंबरला होता."

"ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक?"

व्हर्जिलने पुस्तक मिटलं. "बंदूकवाल्यांची नावं मिळत नाहीत असं लिहिलंय. मला माहीत आहेत." त्याने स्टिअरिंगच्या चाकावर अंगठा घासला. मग म्हणाला, "त्या कादंबरीवालीने एक चुकवलं. झाड सफरचंदाचं नव्हतं."

"काय?"

"नासपतीचं होतं."

डेल्फियाने गाडीचं इंजिन बंद केलं. ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"बोल," ती म्हणाली.

"आमच्या वरच्या बागेत आहे. होतं. आता खोडच उरलंय. लहानपणी आम्हाला त्याच्याखाली खेळू द्यायचे नाहीत. नासपती पडून सडायच्या, पण आमची आजी त्या उचलू द्यायची नाही. मी मोठा झालो तेव्हा बापाने सांगितलं. आजोबाने, म्हणजे बॉइडने, त्या मजुराला खेचरावर घालून आणला. आजी दारात उभी राहिली, म्हणाली, ह्याला असा पुरायचा नाही. तिने पाणी तापवलं. धुतलं त्याला. आपल्या नवऱ्याचा धुतलेला सदरा घातला."

"मारला कोणी?" डेल्फियाने विचारलं. "खिंडीवर दोघं होते म्हणतोस. कोणी मारला?"

"आमच्या आजोबाने."

तो लगेच म्हणाला. एवढी वर्षं तोंडात धरलेलं थुंकून टाकावं तसं.

डेल्फिया रडली नाही. ती चिडली. चिडून बोलायला लागली ती थांबेना. "आणि तुम्ही मूग गिळून बसलात? माझी आजी जिवंत होती रे! खालच्याच अंगाला राहत होती! तिच्या दारावरून तुम्ही घोड्यावरून, गाडीतून, मोटारीतून गेलात, आणि एकाच्या तोंडून निघालं नाही? तुरुंगाची भीती होती तेव्हा, ठीक आहे, समजू. पण पुढे? बॉइड मेला तेव्हा? तुझा बाप मेला तेव्हा?"

"लाज," व्हर्जिल म्हणाला. "आधी भीती होती, मग लाज. एकदा आज सांगितलं नाही की उद्या सांगणं आणखी जड जातं."

"मग आज कसं जमलं?"

"त्या बाईने लिहिलेलं वाचलं. मला वाटायचं आमच्या घरात घडलं ते जगात कोणाला सुचणारच नाही. आणि ही कोण कुठली पिट्सबर्गची, हिने आपल्या मनाने रचलं. चुकीचं रचलं. ते चुकलेलं मला सहन होईना, डेल्फिया. कोणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं की तसं नव्हतं, असं होतं." त्याने नाक पुसलं. "आणि मेव्हिस गेली तेव्हा तिचे केस तू केलेस."

ते खरं होतं. डेल्फियाने जन्मभर केस कापायचं दुकान चालवलं होतं, आणि खोऱ्यात कोणी गेलं की शेवटचे केस तीच विंचरायची. तिथे आडनाव बघायची पद्धत नव्हती. व्हर्जिलची बायको गेली तेव्हाही तिला बोलावणं आलं, ती गेली, काम केलं, कोणाशी न बोलता मागच्या दाराने निघून आली.

"भांग डावीकडून काढलास," व्हर्जिल म्हणाला. "ती तसाच काढायची. मी तर कोणाला सांगितलं नव्हतं."

"टाळूवर दिसतं ते," डेल्फिया पुटपुटली. "केस बसलेले असतात." पण एवढ्यावर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती. इतकी वर्षं वाट बघितलेलं माणूस कोणी 'हे घे' म्हणून पुढे केलं तर हात लगेच पुढे होत नाही. "तोच होता कशावरून? लढाईत शेकड्यांनी माणसं होती. दुसरा कोणी असेल."

"नाव आजीला ठाऊक नव्हतं. ती त्याला 'तो पाहुणा' म्हणायची. पण एक गोष्ट सांगायची. धुताना तिला दिसलं की डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. तिला वाटलं गोळीने उडाली. सगळा माणूस एकत्र पुरला पाहिजे म्हणून ती कंदील घेऊन ती बोटं शोधायला ओढ्यापर्यंत गेली. परत येऊन पुन्हा हात बघितला तेव्हा कळलं की जखम जुनी आहे, कातडी कधीच भरून आलीये."

डेल्फियाने दोन्ही हात तोंडावर दाबले.

"खाणीत कोळशाच्या डब्यांच्या साखळीत सापडून तुटली होती ती," ती म्हणाली. बोलताना ती हसत होती का रडत होती, ते व्हर्जिलला कळेना. "आजोबा माझ्या बापाला अंक शिकवायचा तर आठपर्यंतच शिकवायचा. म्हणायचा, खाणमजुराचं गणित आठवर संपतं, पुढचं मालकाकडे. माझा बाप शाळेत गेला तेव्हा मास्तरांनी दहा बोटं दाखवली तर हा म्हणतो, दोन जास्तीची कुठून आणलीत!"

व्हर्जिलही हसला. दोघं म्हातारी माणसं चिखलात उभ्या दोन गाड्यांत, खिडकीतून एकमेकांकडे बघत, डोळे पुसत हसत राहिली. मग डेल्फियाने दार उघडलं, खाली उतरली, पिकअपला वळसा घालून पलीकडे गेली आणि चढून त्याच्या शेजारी बसली.

"चल," ती म्हणाली.

"आता?"

"नाही, पुढच्या वर्षी! आता नाही तर कधी? आणि खालच्या रस्त्याने घे, वेंडेलच्या घरावरून. बघू दे त्याला."

वेंडेल ओसरीवरच होता. टॅकेटाच्या पिकअपमध्ये आपली बहीण बसलेली बघून त्याच्या हातातली दात कोरायची काडी तोंडात जाता जाता थांबली. डेल्फियाने काच खाली केली. "कोट घाल आणि मागून ये," ती ओरडली. "अ‍ॅन्सल सापडला." वेंडेलला एकही चुरचुरीत बोल सुचला नाही. जन्मात पहिल्यांदा. तो कोट न घालताच गाडीकडे धावला.

*

नासपतीचं खोड कमरेएवढंच उरलं होतं, आतून पोकळ. पण बुंध्यातून एक नवा फोक वर आला होता आणि त्याच्यावर कळ्या धरल्या होत्या. भोवतालचं गवत कापलेलं होतं. एवढ्या रानात तेवढाच तुकडा.

"कोण कापतं?" डेल्फियाने विचारलं.

"मी. त्याच्या आधी बाप. त्याच्या आधी आजी."

तेवढंच गवत तिकडे खाली सायझमोरांच्या टेकडीवरही दर वर्षी कापलं जात होतं. डेल्फियाला ते आठवलं. ती गुडघ्यांवर बसली. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं, सांगू दे. तिने जमिनीवर तळवा ठेवला. "आजोबा," ती म्हणाली, "मी तुझ्या धाकट्याची पोरगी. हा वेंडेल. आम्ही फार उशीर केला रे." वेंडेल टोपी काढून मागे उभा होता. तो उगाच वर आकाशात बघत होता.

व्हर्जिलने घसा खाकरला. "न्यायचा असेल त्याला तुमच्या टेकडीवर, तर मी काढतो परवानगी वगैरे. आजीशेजारी जागा आहे ना."

डेल्फियाने वेंडेलकडे बघितलं. वेंडेल म्हणाला, "तू म्हणशील तसं." हेही पहिल्यांदाच.

"नेऊ," ती म्हणाली. "मे महिन्यात, सगळे वर जातात तेव्हा. आजीने सांगितलेलं मोडायचं नाही. पण खांदा तूही द्यायचास, व्हर्जिल. आणि रानलसणाच्या जेवणाला काय ते तू सांगायचंस, सगळ्यांसमोर. मी उभी राहीन शेजारी. बोलणार मात्र तू."

व्हर्जिलचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने मान हलवली. "सांगतो. आजोबाच्या नावासकट सांगतो."

वेंडेलने पुढे होऊन बहिणीला हात दिला. ती उठली, गुडघ्यांवरचा चिखल झटकला, आणि गाडीकडे न जाता तिथेच थबकली. बागेच्या वरच्या कडेला टॅकेटांच्या कबरी होत्या, तारेच्या कुंपणात. त्या कुंपणाच्या आत एकाही सायझमोराने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"तुझी आजी कुठली त्यातली?" तिने विचारलं.

"ती काय, कोपऱ्यातली. का गं?"

फाटकाची तार सोडवून डेल्फिया आत गेली. दगड छोटासा होता, ओलाव्याने हिरवा पडलेला, त्यावर मागच्या पानगळीची पानं चिकटलेली. तिने ती एकेक करून काढली. शेवाळ नखाने खरवडलं. अक्षरं वर येईपर्यंत खरवडत राहिली. ऑर्फा टॅकेट. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

"ऑर्फा," ती म्हणाली, "तू त्याला पाहुणा म्हणायचीस. त्याचं नाव अ‍ॅन्सल होतं."